कुलाब्याची सुई

२ सप्टेंबर १८५९, शुक्रवार. तिथीचा हिशेब मांडला तर भाद्रपदाचा शुद्ध पक्ष, चतुर्थी नुकतीच होऊन गेलेली. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू व्हायला अजून चौतीस वर्षे अवकाश होता. गणपती होते ते घरोघरचे. गिरगाव, ठाकूरद्वार, भुलेश्वर इथल्या घरांत सकाळच्या आरत्या चालू असतील, कुणी दीड दिवसाचा गणपती पोहोचवून आले असतील, कुणाकडे गौरींची तयारी चालली असेल.

त्याच सकाळी कुलाब्याच्या वेधशाळेत, एका बंद खोलीत टांगलेली चुंबकाची पट्टी ढळू लागली. खोलीत वारा नव्हता, कुणाचा धक्का लागला नव्हता. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसाने बारीक पट्टीवरचा आकडा वाचला, वहीत लिहिला, पुन्हा वाचला. रोजचा शिरस्ता तासाला एका नोंदीचा. सुई बिथरली की मात्र दर काही मिनिटांनी वाचत राहायचे, असा दंडक होता. त्याने दंडक पाळला. अकराच्या सुमारास आकडा इतका खाली उतरला, की त्या खोलीत तसा आकडा पूर्वी कुणी वाचलेला नसावा. मग वीस-पंचवीस मिनिटांत तो तितक्याच झपाट्याने वर चढला. वाचणाऱ्याने तेही लिहून ठेवले.

आदल्या दिवशी, मुंबईत दुपारचे चार वाजून गेले होते तेव्हा, इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा एक हौशी खगोलनिरीक्षक सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत बसला होता. डागांच्या एका मोठ्या पुंजक्यावर त्याला अचानक दोन लखलखीत ठिपके दिसले. पाचेक मिनिटांत ते विझले. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी कुलाब्याची सुई बिथरली. सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित वायूचा लोट पंधरा कोटी किलोमीटरचे अंतर तोडून पृथ्वीवर येऊन आदळला होता. असा लोट एरवी यायला दोन-तीन दिवस घेतो. अमेरिकेत त्या दिवशी तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि नुसत्या तारेत उतरलेल्या विजेवर संदेश पाठवले. क्युबापर्यंतच्या आकाशात ध्रुवप्रकाश दिसला. नोंदलेल्या इतिहासातले हे सर्वांत मोठे म्हणून ओळखले जाणारे चुंबकीय वादळ, आणि त्याची विषुववृत्ताकडच्या प्रदेशातली सर्वांत पूर्ण नोंद मुंबईची आहे. लंडनजवळच्या वेधशाळांत तेव्हा फोटोच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी यंत्रे आली होती. वादळ इतके मोठे, की प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेर निघून गेला. कुलाब्याला तसे यंत्र अजून आले नव्हते. तिथे माणूस बसला होता, म्हणून नोंद राहिली.

मला या एका सकाळबद्दल कितीतरी दिवस लिहायचे होते. मुंबईचा इतिहास आपण गिरण्यांचा, गोदीचा, चळवळींचा, नाटकांचा सांगतो, आणि तो सांगितलाच पाहिजे. पण ज्या जमिनीवर हे सारे उभे राहिले तिचे पोट कसे आहे, ती फिरते कशी, तिच्यावरची हवा वागते कशी, हे जगाला समजण्यात या शहराचा वाटा आहे. तो आपल्या शाळेच्या पुस्तकांत कुठे दिसत नाही.

एका सुईवरून पृथ्वीचे काय कळणार, असे वाटणे साहजिक आहे. आपण शाळेत शिकतो की पृथ्वी हे एक मोठे चुंबक आहे. तिच्या पोटात सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा प्रचंड गोळा आहे. हे लोखंड उष्णतेने उकळ्या घेत असते, आणि पृथ्वी स्वतःभोवती गिरकी घेते म्हणून त्या उकळ्यांना पीळ पडतो. त्यातून वीज आणि विजेतून चुंबकत्व तयार होते. म्हणजे सुईला उत्तर दाखवतो तो पृथ्वीचा गाभा आणि तिची गिरकी. पण सुई अगदी स्थिर कधीच नसते. स्वच्छ, शांत दिवशीसुद्धा ती सकाळपासून दुपारपर्यंत थोडी सरकते आणि संध्याकाळी जागेवर येते. याचे कारण डोक्यावर शंभरेक किलोमीटर उंचीवर आहे. तिथली विरळ हवा उन्हाने विद्युतभारित होते, वारे तिला ढकलतात आणि त्या हवेतून विजेचे प्रवाह वाहू लागतात. पोटातले लोखंड, अंगाची गिरकी आणि डोक्यावरची हवा, तिन्हींचा धागा त्या टांगलेल्या पट्टीला बांधलेला आहे. १८४० मध्ये हे सगळे कुणालाच ठाऊक नव्हते. जर्मनीत गॉसने गणिताने एवढे दाखवले होते, की चुंबकत्वाचा बहुतेक भाग पृथ्वीच्या आतूनच येतो. पुढचे शोधायचे तर जगभर, एकाच वेळी, वर्षानुवर्षे मोजत राहणे एवढा एकच मार्ग होता.

कुलाब्याची वेधशाळा मुळात या कामासाठी बांधलेलीच नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीने ती १८२६ मध्ये उभी केली ती तारे बघायला आणि जहाजांना वेळ द्यायला. समुद्रावर आपण किती पूर्वेला वा पश्चिमेला आहोत, हे घड्याळावरून कळते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, एक अंश फिरायला तिला चार मिनिटे लागतात. घड्याळ एका मिनिटाने चुकले तर विषुववृत्ताजवळ जहाजाचा ठावठिकाणा अठ्ठावीस किलोमीटरने चुकतो. बंदर सोडण्यापूर्वी प्रत्येक कप्तानाला आपले घड्याळ पारखून घ्यावे लागे, आणि ती पारख डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्यांवरून वेधशाळा करी.

कुलाबा तेव्हा वेगळे बेट होते. मुंबईहून तिथे जायचे तर ओहोटीच्या वेळी पायी, नाहीतर होडीने. दोन्ही बेटे जोडणारा कॉजवे १८३८ मध्ये झाला. एखाद्या मराठी मुलाला तिथे रोज नोकरीला जाणे त्यानंतर शक्य झाले, आणि असा मुलगा लवकरच तिथे गेला.

त्याच्या आधी त्याच्या गुरूंविषयी सांगायला हवे. बाळशास्त्री जांभेकर आपल्याला ‘दर्पण’मुळे माहीत आहेत. ६ जानेवारी हा पत्रकार दिन म्हणून पाळतो तो १८३२ साली त्या दिवशी ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला म्हणून. पण बाळशास्त्री मूळचे गणिताचे माणूस. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ते गणित आणि खगोल शिकवत. पृथ्वीचा आकार आणि गती गणिताने समजावणारी ‘भूगोलविद्या’ त्यांनी मराठीत लिहिली, कलनाच्या गणितावर ‘शून्यलब्धि’ लिहिली. कुलाब्याच्या वेधशाळेची जबाबदारीही काही काळ त्यांच्याकडे होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मराठी मुलांना मराठीत पटवून द्यायचे, आणि त्यासाठी लागणारे शब्दही स्वतःच घडवायचे, असे दुहेरी काम होते ते. १८४६ मध्ये ऐन तारुण्यात ते गेले.

त्यांचा विद्यार्थी केरो लक्ष्मण छत्रे. अलिबागजवळच्या नागावचा मुलगा, मराठीतले आद्य गद्यलेखक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्र्यांचा पुतण्या. एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांनी १८४१ मध्ये कुलाब्याला चुंबकत्वाची आणि हवामानाची निरीक्षणे सुरू केली. या कामासाठी त्यांनी केरोपंतांना हाताखाली घेतले. वय सोळा-सतरा वर्षांचे. पुढची दहाएक वर्षे केरोपंतांनी तिथे काढली आणि मग ते पुण्याला गेले. डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे ‘केरूनाना’ ते हेच. १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि १८६५ पासून निघालेल्या पटवर्धनी पंचांगाचे गणित याच विद्येतून आले. पंचांगातले ग्रह प्रत्यक्ष आकाशात दिसतात तिथेच असले पाहिजेत, हा आग्रह एखाद्याच्या मनात कुठून रुजतो? रात्ररात्र जागून प्रत्यक्ष वाचलेला आकडा लिहायची ज्याला तरुणपणी सवय लागली, त्याच्या मनात तो रुजणारच, असे मला वाटते.

त्या वर्षांत ब्रिटिशांनी आपल्या साम्राज्यात जागोजागी चुंबकीय वेधशाळा काढल्या होत्या. कंपनीच्या वाट्याला मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई आली. सगळीकडची निरीक्षणे एकाच क्षणी व्हावीत म्हणून जर्मनीतल्या ग्योटिंगेन शहराचे घड्याळ सर्वांसाठी प्रमाण ठरले. सिमला आणि सिंगापूरची केंद्रे काही वर्षांतच बंद पडली. मुंबईचे चालू राहिले. ऑर्लेबार गेले, जॉर्ज बुइस्ट आले, पुढे नौदलातले फर्ग्युसन आले. प्रमुख बदलत राहिले, सहाय्यकांची पाळी मात्र चुकली नाही. वेधशाळेचा खरा इतिहास या पाळीत आहे.

ही पाळी कशी असेल ते डोळ्यांसमोर आणा. चुंबकाची जाड पट्टी दोऱ्यांवर आडवी टांगलेली, वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून पेटीत बंद. काही हातांवर रोवलेली दुर्बीण. आत पाहिले की बारीक रेघांची पट्टी दिसते आणि त्या रेघांवरून एक काटेकोर खूण हळूहळू सरकत असते. घड्याळाचा ठोका पडला की आकडा वाचायचा. मग थर्मामीटर, कारण चुंबकाची ताकद उष्णतेनेही बदलते आणि तो फरक वजा करावा लागतो. मग बॅरोमीटर, ओला-कोरडा थर्मामीटर, वाऱ्याची दिशा, ढग. सगळे वहीत. मध्यरात्री, पहाटे, मुसळधार पावसात, सणावारी, कॉलऱ्याच्या साथीत आणि पुढे प्लेगच्या साथीतही. अंगावर लोखंडाची वस्तू ठेवून त्या खोलीत जाऊन चालत नसे. खिशातल्या चाकूने किंवा किल्ल्यांच्या जुडग्याने साऱ्या पृथ्वीची नोंद बिघडली असती.

अशा नोंदींतून हवेविषयीही काही विलक्षण गोष्टी पक्क्या झाल्या. समुद्राला भरती-ओहोटी येते हे गिरगाव चौपाटीवर कुणालाही दिसते. हवेलाही ती येते. बॅरोमीटरचा पारा मुंबईत रोज सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास वर असतो, पहाटे चारच्या आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. वादळ जवळ नसेल तर हा क्रम चुकत नाही. थंड देशांत ही लय रोजच्या धुमाळीत लपून जाते, उष्ण कटिबंधात ती लख्ख दिसते. समुद्राची भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते. हवेची मुख्यतः सूर्याच्या उष्णतेने. आपल्या डोक्यावरचा हवेचा थर दिवसातून दोनदा असा हेलकावतो.

२७ ऑगस्ट १८८३ रोजी याच पाऱ्याने एक निराळाच हेलकावा टिपला. सुमात्रा आणि जावा यांच्यामधल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा सकाळी दहाच्या सुमारास स्फोट झाला. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटर दूर. स्फोटाने हवेत उठलेली दाबाची लाट चारेक तासांत इथे पोहोचली, पुढे गेली, पृथ्वीला वळसा घालून परत आली, आणि असे बरेचदा झाले. जगभरच्या ज्या वेधशाळांनी ती टिपली त्यांत मुंबई होती. पृथ्वीभोवतीची हवा सलग आहे, एका जागी टिचकी मारली तर सगळीकडे थरथरते, याचा इतका ढळढळीत पुरावा माणसाला त्याआधी मिळाला नव्हता.

१८७२ पासून कुलाब्यालाही फोटोच्या कागदावर रेघ उमटवणारी यंत्रे बसली. तेव्हा चार्ल्स चेंबर्स प्रमुख होते. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला पुन्हा एक मोठे चुंबकीय वादळ झाले, आणि त्या रात्री मुंबईच्या आकाशातही ध्रुवप्रकाश दिसल्याची बातमी छापून आली. ती कितपत खरी, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. सुई मात्र बिथरली होती, यावर वाद नाही.

१८९६ मध्ये वेधशाळेच्या प्रमुखपदी पहिल्यांदा भारतीय माणूस आला: नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस. मुंबईचे पारशी, एडिंबरोला शिकलेले, एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापकी केलेले. जन्म १८५९ चा. म्हणजे त्या मोठ्या वादळाच्याच वर्षी हा माणूस जन्माला आला होता. ते येताच वेधशाळेला पृथ्वीच्या पोटाकडे पाहणारा आणखी एक डोळा मिळाला. १२ जून १८९७ रोजी आसामात भीषण भूकंप झाला. त्यानंतर १८९८-९९ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि कोडाईकनाल इथे मिल्न पद्धतीचे भूकंपमापक बसवले गेले. भूकंपाच्या लाटा पृथ्वीच्या आरपार जातात आणि वाटेत काय लागले ते त्यांच्या वेगावरून सांगतात. आसामच्या भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅमने जगभरच्या अशा नोंदी ताडून १९०६ मध्ये दाखवून दिले, की पृथ्वीच्या मध्यभागी एक वेगळा गाभा आहे. लाटा त्यातून मंदावतात. सुईला ओढणारे ते दडलेले लोखंड असे भूकंपमापकांना सापडले.

१९०६ हे साल मुंबईच्या या कथेत फार महत्त्वाचे आहे. त्या एका वर्षात पृथ्वीच्या गिरकीवरून गिरण्यांत तंटा झाला आणि कुलाब्याच्या सुईला घर सोडावे लागले.

तंट्याचे आधी. कुलाब्याचे रेखावृत्त ७२ अंश ४९ मिनिटांच्या आसपास. त्यामुळे मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तेव्हा ग्रीनिचला जो वेळ असेल त्यात ४ तास ५१ मिनिटे मिळवायची, की झाला मुंबई टाइम. वेधशाळा हाच वेळ शहराला देत असे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशाला साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचा एकच प्रमाण वेळ लावला. एका दिवसात घड्याळे एकोणचाळीस मिनिटे पुढे गेली. कचेरीतल्या साहेबाला हा नुसता आकडा. पण लालबाग-परळच्या चाळीतून पहाटे अंधारात उठून गिरणीकडे निघणाऱ्या माणसाला भोंगा एकोणचाळीस मिनिटे आधी होणार होता, आणि ही एकोणचाळीस मिनिटे त्याच्या झोपेतून जाणार होती. घड्याळ कितीही पुढे ढकला, सूर्य आपल्या वेळेलाच उगवतो. त्याच जानेवारीत जेकब ससून मिलमधल्या कामगारांनी काम बंद पाडले. मुंबई महापालिकेनेही नवा वेळ मानायला नकार दिला, आणि शहरात मुंबई टाइम आणि स्टँडर्ड टाइम हे दोन वेळ शेजारी शेजारी नांदू लागले. पालिकेचा मुंबई टाइम थेट १९५५ पर्यंत टिकला. लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त कोणत्या टाइमाने, हे घरातल्या आजोबांना विचारून घ्यावे लागे, असे दिवस या शहराने पाहिले आहेत. या भांडणाला अनेक जण हट्ट म्हणतात. मला ते तसे वाटत नाही. आपल्या डोक्यावरच्या सूर्याने आपली दुपार ठरावी, ही मागणी भूगोलाला धरून होती. रेल्वे आणि तारायंत्राच्या जगात ती हरणार होती, एवढेच.

आणि सुई? मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ पासून होती. नव्या शतकाच्या सुरुवातीला विजेची ट्राम आणायचे ठरले. शहराला ती हवीच होती. पण ट्रामची वीज रुळांवाटे परत जाते आणि तिचा काही भाग जमिनीत झिरपतो. जमिनीत वीज वाहिली की चुंबकत्व तयार होते, आणि सूर्यावरच्या खळबळीने सुईला जेवढा हिसका बसतो तेवढा कुलाब्याकडे धावणाऱ्या ट्रामनेही बसला असता. साठ वर्षांची अखंड नोंद एका झटक्यात निकामी झाली असती. मूस यांनी दुसरी जागा शोधली: समुद्रापलीकडचे अलिबाग. कुलाब्यापासून तीसेक किलोमीटर, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी जुळवता येतील इतके जवळ. आणि तिथे ट्राम येण्याची शक्यता नव्हती.

इमारत कशी बांधायची हा प्रश्न सोपा नव्हता. कोकणात बांधकामाला हाताशी असतो तो काळा दगड, बेसाल्ट. गिरगावातल्या जुन्या इमारतींची जोती त्याचीच, फोर्टातल्या कित्येक भिंती त्याच्याच. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून वाहिलेल्या लाव्हारसाचा हा दगड. त्यात लोहयुक्त कण असतात, आणि लाव्हा थिजताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा ते कण आपल्यात पकडून ठेवतात. अशा दगडाच्या खोलीत सुई टांगली असती तर तिने पृथ्वीबरोबर भिंतींचेही ऐकले असते. म्हणून काठियावाडातून पोरबंदरचा पांढरा चुनखडीचा दगड आणला गेला, त्यात चुंबकत्व जवळपास नसते. खिळे, बिजागऱ्या, कड्या यांतही लोखंड वर्ज्य. तांबे आणि पितळ. जाड भिंती, आत उन्हाची तिरीप पोहोचू नये अशी बांधणी. १९०४ मध्ये ही वास्तू उभी राहिली.

मूस यांनी मग जे केले त्यासाठी त्यांचे नाव घेतले पाहिजे. अलिबागची यंत्रे सुरू झाली म्हणून त्यांनी कुलाब्याची लगेच बंद केली नाहीत. एप्रिल १९०४ ते एप्रिल १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. दोन ठिकाणांतला फरक नेमका कळला, तेव्हाच जुन्या वहीला नवी वही जोडता आली. मुंबईत विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ ला धावली, तेव्हा सुई समुद्रापलीकडे सुखरूप होती. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी मूस यांनी १९१० मध्ये दोन भागांत छापून काढल्या. भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांना हे ग्रंथ आजही लागतात.

त्या काळ्या दगडानेही पुढे आपली साक्ष दिली. १९५० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी आणि मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी दख्खनच्या बेसाल्टमध्ये थिजलेले चुंबकत्व मोजले. त्यावरून दिसले, की हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांना मान्य नव्हती. ती मान्य करायला लावणाऱ्या पुराव्यांत आपल्या घाटातले दगड होते. ज्या दगडाला अलिबागच्या खोलीत मज्जाव होता त्याच्यापाशी सांगण्यासारखे इतके होते.

आणि १८५९ ची ती वही? ती जवळपास दीड शतक थांबली. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली, आणि जुन्या वह्यांची ठेव तिच्याकडे आली. या संस्थेतले गुरबक्ष लाखिना आणि एस. अॅलेक्स यांनी अमेरिकेतल्या ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलमधल्या वॉल्टर गोन्झालेझ यांच्याबरोबर कुलाब्याचे ते आकडे पुन्हा काढले आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केले. त्या सकाळी पृथ्वीचे आडव्या दिशेचे चुंबकत्व कुलाब्याला सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकत्व मोजायचे एकक) घसरले होते. मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली, त्याची घसरण जगभरच्या सरासरीने सहाशेच्या आत होती. आज उपग्रह, विजेच्या तारांचे जाळे, विमानांची दिशादर्शक यंत्रे यांना सूर्यापासून जास्तीत जास्त किती धोका संभवतो, याचा हिशेब करताना जगातले अभियंते कुलाब्याच्या त्या आकड्यांपासून सुरुवात करतात.

हवेचा हिशेबही थांबलेला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला कुलाब्याच्या पर्जन्यमापकात ७३ मिलिमीटर होता. परळ-दादरच्या पाण्यातून रात्रभर चालत घरी गेलेल्या कित्येकांना हे दोन आकडे अजून पाठ आहेत. शहर एक असले तरी आभाळ एक नसते, हे कळले ते दोन्हीकडे कुणीतरी मोजत होते म्हणून.

मुलांना घेऊन आपण अलिबागला किनाऱ्यावर जातो, ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत जातो, शहाळे पिऊन परत येतो. किनाऱ्याजवळच ही वेधशाळा आहे. पुढच्या खेपेला तिच्या फाटकापाशी दोन मिनिटे थांबा आणि मुलांना सांगा, की या आवारातली नोंद १८४१ साली कुलाब्याला सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. ती सुरू करायला जो मराठी मुलगा कुलाब्याला गेला होता, त्याचे नागाव इथून काही किलोमीटरवर आहे.